चौसष्ट नंबरचा निरोप्या

कॅलोवे, टेक्सस
२९ ऑगस्ट १९७६

प्रिय अडेल,

डॅडींचा खोकला कसा आहे? टूसॉनची कोरडी हवा मानवली असं तू लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. इथली हवा कोणालाच मानवत नाही, पण ती सोडून जायचं कोणाच्या मनात येत नाही.

शुक्रवारी फुटबॉलचा पहिला सामना. गेल्या वर्षी आम्ही इतके सपाटून हरलो की ऑटिस न्हावी माझे केस कापताना तोंडातून शब्द काढत नव्हता. या गावात न्हावी गप्प झाला की कोचने सामान बांधायला घ्यावं. शाळेच्या बोर्डाने मला अजून एक वर्ष दिलंय. तेव्हा यंदा लगाम माझ्याच हातात राहणार. मैदानात उभं राहून, चेंडू हातात आहे म्हणून क्वार्टरबॅकने स्वतः चाल ठरवायची, हे लाड बंद.

समोरच्यांना ढकलून वाट करणाऱ्या दोन गार्डांना मी निरोपे केलंय. एक आत खेळतो, तेव्हा दुसरा माझ्या शेजारी उभा असतो. चाल संपली की आतला बाहेर येतो, बाहेरचा आत जातो, आणि जाताना माझा निरोप नेतो. उजवीकडे पळा, डावीकडे पळा, पास फेका, जे असेल ते. आत घोळका करून थांबलेल्या पोरांना त्याने ते सांगायचं, की झालं. एकसष्ट नंबरचा ड्वेन हॉब्स बैलासारखा शांत आहे. चौसष्ट नंबरचा लॉनी ट्रस्कॉट म्हणजे बडबड्या. माझी नक्कल माझ्याच समोर करतो. त्याची आई आमच्याच शाळेत टायपिंग शिकवते, ती बिचारी रोज सकाळी मला ‘गुड मॉर्निंग, कोच’ म्हणते आणि पोराबद्दल आधीच माफी मागून ठेवते.

डॅडींना सांग, मी त्यांच्याच वाटेने चाललोय. ते कोच असताना कडेला उभे राहून टोपी ओढायचे आणि पोरं बरोब्बर ती चाल खेळायची. ‘चाल माझी होती,’ हे त्यांचं पेपरात छापलेलं वाक्य मी आठ वर्षांचा असताना कापून पलंगाच्या वर चिकटवलं होतं. तुला आठवतं ना?

तुझा,
लायल

•

टूसॉन, ॲरिझोना
७ सप्टेंबर

लायल,

आठवतं. गोंद माझा होता आणि तू सगळा संपवलास.

तुझं पत्र डॅडींना वाचून दाखवलं. त्यांचे कान आता पार गेलेत, त्यामुळे वाचायचं म्हणजे व्हरांड्यात बसून बोंबलायचं. पलीकडच्या इबाराबाई तेवढ्यापुरतं झाडांना पाणी घालायचं काम काढतात. काल मला विचारत होत्या, तो बैलासारखा पोरगा लग्नाचा आहे का म्हणून.

डॅडी ऐकून एवढंच म्हणाले, ‘निरोपे कशाला?’ मी तीनदा समजावलं. मग म्हणाले, ‘हं.’ त्यांच्या ‘हं’चा अर्थ आईलाही कधी लागला नव्हता.

जिंकलास तर कळव. हरलास तर आम्हाला तसंही कळेलच, आपली चुलतबहीण क्लोई कॅलोवेपासून फार लांब राहत नाही.

अडेल

•

कॅलोवे
१० ऑक्टोबर

प्रिय अडेल,

पेपरातली कात्रणं सोबत पाठवतोय. एकही सामना हरलेलो नाही. ऑटिस आता एवढा बोलतो की कानाजवळ कात्री आली की भीती वाटते. नाक्यावरच्या कॅफेत माझ्या पुढ्यात गोड पेकन पायची बशी आपोआप येते.

पहिल्या सामन्याचं कात्रण नीट वाच. मध्यांतराच्या जरा आधीची ती डाव्या बाजूची धाव. सगळा बचाव उजवीकडे वाट बघत बसला आणि आमचा पोरगा डावीकडून थेट रेषेपार. बोर्डाचे अध्यक्ष फर्गस कुंपण ओलांडून माझा हात हातात घेऊन विचारत होते, ‘कोच, हे तुम्हाला दिसलं कसं?’ मी म्हटलं, त्यांचा कोपऱ्यातला गडी जरा लांब उभा होता. पेपरवाल्याने तेच छापलं. आता तो आमच्या खेळाला ‘प्रुइटचं आक्रमण’ म्हणतो. आपल्या आडनावाचं आक्रमण, अडेल. डॅडींना हे दोनदा वाचून दाखव.

आणखी एक. मोठ्या शहरातल्या एका शाळेने चौकशी केलीय. त्यांचं मैदान बघशील तर चर्चमध्ये शिरल्यासारखी टोपी काढशील. हंगाम संपल्यावर बोलू म्हणालेत.

लायल

•

टूसॉन
१९ ऑक्टोबर

लायल,

दोनदा वाचलं. ‘प्रुइटचं आक्रमण’ तर इबाराबाईंच्या नातवंडांनाही पाठ झालंय.

पण डॅडींचं काही खरं नाही रे. मला काळजी वाटायला लागलीय. प्रत्येक कात्रण वाचलं की एकच प्रश्न, ‘ही चाल आत कोणी नेली?’ एका कात्रणात लिहिलं होतं की चौसष्ट नंबर धावत आत गेला आणि पुढच्याच चालीला चेंडू रेषेपार जाऊन टचडाउन झाला. ते ऐकून हसले. मग म्हणाले, ‘लायल अडचणीत सापडला की उजवीकडे पळतो. लहानपणी कुत्रा मागे लागला तेव्हाही उजवीकडेच पळाला होता, सरळ विहिरीच्या कठड्यावर.’ मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? तर म्हणे, ‘डावीकडे कोण गेलं ते विचार.’

वय झालं की माणसं असंच काहीबाही बोलतात. पण त्यांचं मन राखायला तू एक कर. चांगल्या चाली कुठल्या निरोप्याने आत नेल्या, ते पुढच्या पत्रात लिही. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा.

अडेल

•

कॅलोवे
१४ नोव्हेंबर

अडेल,

घाईत लिहितोय. शुक्रवारी शेजारच्या हॅगर्टी गावाशी सामना आहे. इथे हॅगर्टीचं नाव जेवताना घेत नाहीत. जिंकलो तर जिल्हा आमचा. मोठ्या शाळेची माणसं खास बघायला येणार आहेत, मी आक्रमण कसं चालवतो ते.

आज सगळ्या पोरांना एका ओळीत उभं करून बजावलं. या शुक्रवारी मी जे सांगेन तेच आत जाईल, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लॉनी म्हणाला, ‘म्हणजे या शुक्रवारीच का, कोच?’ पोरं खिदळली. मी त्याला मैदानाभोवती पळायला लावलं. शिस्त म्हणजे शिस्त.

डॅडींच्या प्रश्नाचं उत्तर निवांतपणे देतो.

लायल

•

टूसॉन
२९ नोव्हेंबर

माझ्या बारक्या,

क्लोईने कात्रण पाठवलं. शेवटची चाल, दोन यार्ड जायचे, आणि उजव्या बाजूला भिंतीवर आपटल्यासारखे सगळे आपटले. वाचताना मला रडू आलं. तू फोन केला नाहीस, पत्र नाही. समजू शकते.

पेपरवाल्याने तुला विचारलं ना, की तिथे उजवीकडे जायची चाल कशी काय? तुझं उत्तर वाचलं: ‘निरोप आत जाताना त्याचं काय होतं, ते मला बाहेरून दिसत नाही.’ शाब्बास. कोणावर आरोप नाही, आणि सांगायचं ते सांगून टाकलंस. क्लोई लिहिते, गावात सगळ्यांना कळून चुकलंय की त्या ट्रस्कॉटच्या पोराने आगाऊपणा करून चाल बदलली. मला तर त्याचा असा संताप आलाय. ज्या माणसाने निरोपावर विश्वास ठेवला त्याचाच घात केला. समोर असता तर कान उपटला असता.

डॅडींनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग उठून आत गेले. जेवले नाहीत. तुझ्यासाठी फार वाईट वाटलं त्यांना.

मनाला लावून घेऊ नकोस. पत्र लिही.

अडेल

•

कॅलोवे
५ डिसेंबर

प्रिय अडेल,

तुझ्या ‘शाब्बास’ने मला जोड्याने मारल्यासारखं झालं. आज रविवार. चर्चला गेलो नाही, कारण ट्रस्कॉट कुटुंब आमच्या पुढच्याच बाकावर बसतं.

शेवटची चाल माझी होती.

लॉनी माझ्या शेजारी उभा होता. आधल्या चालीला बाहेर आला होता, आता आत जायची पाळी त्याची होती, घामाने निथळत होता. मी सांगितलं, उजवीकडे. तो म्हणाला, ‘कोच, उजवीकडे नको. तो बुटका तिथे खिळा ठोकल्यासारखा उभा आहे, मी मघापासून ढकलतोय. डावीकडचा दमलाय, वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभा असतो. डावीकडे जाऊ.’ मागे मोठ्या शाळेची माणसं बसली होती. मी त्याचा शर्ट धरला आणि म्हटलं, ‘मी सांगितलं तेच.’ त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ‘येस, सर’ म्हणाला आणि गेला. आत जाऊन त्याने शब्दन् शब्द माझाच सांगितला. संपूर्ण हंगामात तेवढा एकच दिवस.

हो, डॅडींनी विचारलं होतं ते खरं आहे. पहिल्या सामन्यातली ती डावी धाव माझी नव्हती. मी उजवीकडे सांगितलं होतं. ती डावीकडे गेली तेव्हा मी ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सगळं गाव उठून नाचायला लागलं आणि फर्गसनी माझा हात धरला. तोंड उघडं होतंच, त्यातून दुसरंच काहीतरी निघालं. त्यानंतर दर शुक्रवारी तेच. ड्वेन निरोप जसाच्या तसा न्यायचा, आणि आम्ही दोन-तीन यार्ड रखडायचो. लॉनी त्याला पटेल ते सांगायचा आणि आम्ही पळत सुटायचो. मला दर वेळी कळत होतं. त्याला माहीत होतं की मला कळतंय. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही. मी कॅफेतला पेकन पाय खात होतो, अडेल.

तो प्रश्न विचारणाऱ्या पेपरवाल्याला ‘चाल माझी’ एवढं म्हणायला काय जात होतं? मोठ्या शाळेची माणसं हातभर अंतरावर होती. मी खोटंही बोललो नाही. खोटं बोललो असतो तर निदान नंतर पकडला तरी गेलो असतो. मी एक वाक्य असं ठेवून दिलं की त्यावरून गावाने घसरावं, आणि गाव घसरलं.

आता लॉनी कॅफेत शिरला की काउंटरवरचे म्हातारे म्हणतात, ‘या पोस्टमन. आमच्या बायकोचं पत्र जरा वाटेत बदला हो.’ त्याच्या गाडीच्या काचेवर कोणीतरी साबणाने हॅगर्टीचं नाव लिहिलं. पोरगं बडबड विसरलंय. माझी नक्कल करत नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आणि त्याने कोणाला काही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. ती अजून रोज ‘गुड मॉर्निंग, कोच’ म्हणते. परवा म्हणाली, ‘आमच्या लॉनीमुळे तुम्हाला खाली बघावं लागलं.’ मी खालीच बघत होतो.

मागच्या आठवड्यात एका कॉलेजच्या संघासाठी पोरं निवडणारा माणूस लॉनीची चौकशी करायला आला. पोराचं सगळं मन त्याच कॉलेजवर आहे, दोन वर्षांपासून त्यांची टोपी घालून हिंडतो. माणसाने मला एवढंच विचारलं, ‘सांगितलेलं ऐकतो का?’ मी इतका वेळ गप्प बसलो की त्याने पेन खिशात ठेवलं. मग मी म्हटलं, ‘हुशार आहे.’

येत्या शनिवारी शाळेच्या कँटीनमध्ये हंगामाचं जेवण आहे. सगळं गाव येतं. कोच उभा राहून भाषण करतो. मोठ्या शाळेची माणसंही येणार आहेत, म्हणे आक्रमणाबद्दल त्यांची खात्री पटलीय. मी काय करू ते तू सांग. की तू सांगावंस म्हणून मी विचारतोय, हेही मला कळत नाही.

हे पत्र डॅडींना वाचून दाखवू नकोस.

लायल

•

टूसॉन
८ डिसेंबर, जलद टपालाने

गाढवा,

‘वाचून दाखवू नकोस’ असं पत्राच्या शेवटी लिहितात का?

पाकीट फोडलं आणि नेहमीसारखी व्हरांड्यात बसून बोंबलायला सुरुवात केली. ‘शेवटची चाल माझी होती’ इथे माझा आवाज अडखळला, तर डॅडी म्हणाले, ‘पुढे.’ मी मनात वाचायला लागले तर माझ्या गुडघ्यावर चापट मारली. सगळं वाचलं. इबाराबाईंच्या हातातल्या पाइपचं पाणी वाहून त्यांच्या दारापर्यंत गेलं. मला इतकी लाज वाटली, तुझी आणि माझी, मी त्या पोराला जे जे बोलले होते त्याची. आणि डॅडींना वेड लागलं असं मी तुला लिहिलं होतं, त्याची तर वेगळीच.

मग डॅडींनी जे सांगितलं ते सांगते. मलाही माहीत नव्हतं.

त्यांनी आयुष्यात एकाही सामन्यात चाल सांगितली नाही. एकाही. ‘गुरुवारी संध्याकाळी माझं काम संपायचं,’ म्हणाले. आठवडाभर पोरांना दमेपर्यंत शिकवायचं, प्रत्येक चाल हाडात मुरेपर्यंत. शुक्रवारी पोरं ठरवायची. मी म्हटलं, आणि टोपी ओढायचात ते? तर म्हणाले, ‘टक्कल भाजायचं.’ लायल, आपण दोघं त्या खुणा ओळखायला शिकत होतो. तू तर वहीत टोपीची चित्रं काढायचास.

मग तुझ्या पलंगावरच्या त्या कात्रणाचं विचारलं. ‘चाल माझी होती.’ ते म्हणाले, ते जिंकलेल्या सामन्याचं नाहीच. तेव्हा हरले होते. क्वार्टरबॅकने मूर्खासारखा पास फेकला, आणि गाव त्याला फाडून खायला निघालं होतं. डॅडींनी पेपरवाल्याला बोलावून ते वाक्य दिलं. पुढेही जेव्हा जेव्हा हरले तेव्हा तेच दिलं. जिंकले की पोराचं नाव सांगायचे. आपण लहान होतो, तू आपलं फक्त वाक्य कापलंस, वरचा मथळा कात्रीने उडवलास.

म्हणजे तू आयुष्यभर त्यांच्यासारखं व्हायला धडपडलास, ते एका खोटेपणावर. पण तो खोटेपणा कोणासाठी होता, ते बघ. त्यांनी न सांगितलेली चाल स्वतःची म्हटली. तू सांगितलेली चाल दुसऱ्याची होऊ दिलीस.

तू वाईट कोच आहेस असं ते म्हणत नाहीत. मी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘पोरगा डावीकडे जायला सांगायचा तेव्हा बाकीच्या दहांना डावीकडे जाता येत होतं ना? ते कोणी शिकवलं?’ एवढं तुझं आहे. त्यावर समाधानी राहता आलं असतं.

शनिवारी काय करायचं ते मी सांगणार नाही. तुला माहीत आहे.

अडेल

•

कॅलोवे
१२ डिसेंबर

प्रिय अडेल,

तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं.

बीफ झालं, पेकन पाय वाटला गेला, फर्गसनी माझी ओळख करून दिली, ‘आक्रमणाचा जादूगार’ म्हणून. मी उभा राहिलो. तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं. मी म्हटलं, हॅगर्टीविरुद्धची शेवटची चाल माझी होती. लॉनीने मला ती खेळू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्याने माझं ऐकलं. आणि त्याआधी ज्या चालींसाठी तुम्ही मला पेकन पाय खाऊ घातलात, त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या होत्या. मला ते पहिल्या शुक्रवारपासून माहीत होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काटे-चमचे खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. ऑटिस ताटाकडे बघत बसला. मोठ्या शाळेच्या माणसांनी कोट उचलले, जाताना एकाने माझा खांदा थोपटला, पोराबाळांना थोपटतात तसा. त्यांचा फोन येणार नाही. फर्गसनी सोमवारी कचेरीत बोलावलंय.

मला वाटत होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. लाज होती तिथेच आहे, फक्त आता ती सगळ्यांना दिसते.

लॉनी बाहेर गाडीतळावर उभा होता. मी म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, ‘उशीर केलात, कोच. मला रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील.’ मी विचारलं, तू का नाही बोललास? म्हणाला, ‘मी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, निरोप पुन्हा बदलतोय.’ मग म्हणाला, ‘पहिल्याच शुक्रवारी तुम्ही मला झापलं असतंत ना, तर मी थांबलो असतो. मला वाटलं, तुम्हाला चालतंय. आपण दोघं मिळून करतोय असं वाटलं मला.’

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आज रविवार असूनही त्या कॉलेजच्या माणसाच्या घरी फोन केला. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, जागा गेल्या मंगळवारी दुसऱ्या पोराला दिली. ऑगस्टमध्ये स्वखर्चाने यावं, सरावात उभं राहावं, जमलं तर बघू. मी लॉनीच्या दारात जाऊन ते सांगितलं. यावेळी एक शब्दही बदलला नाही. त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, ‘जाईन.’ ऑगस्टपर्यंत रोज संध्याकाळी मी त्याचा सराव घेतो म्हटलं, मला इथे ठेवलं किंवा नाही ठेवलं तरी. तो म्हणाला, विचार करून सांगतो.

दार त्याच्या आईने लावलं. लावताना मला म्हणाली, ‘गुड नाइट, मिस्टर प्रुइट.’ कोच नाही म्हणाली.

डॅडींना माझ्याकडून काही सांगू नकोस. हे पत्रच दाखव. व्हरांड्यात बस, इबाराबाई पाणी घालायला आल्या की सुरू कर, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच.

तुझा,
लायल